साक्ष फक्त वर आलेल्यांनीच द्यायची का?

देव लहानातून मोठं घडवतो हे मी मनापासून मानतो, आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काहींना वाटेल की हा माणूस विश्वासालाच हात घालतोय. तसं अजिबात नाही. उलट हा संदेश मला इतका मोलाचा वाटतो की त्याचं सध्या जे काही करून ठेवलंय ते बघवत नाही.

उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं हे सगळ्यांसमोर सांगायला, कोण उभं राहतं ते एकदा आठवून बघा. ज्याच्याकडे काहीच नव्हतं आणि आता स्वतःचा बिझनेस आहे तो, जी नापास झाली होती आणि आता मोठ्या पदावर आहे ती, आणि ज्यांनी एका खोलीत चार-पाच जणांना घेऊन प्रार्थना सुरू केली आणि आता हॉल पुरत नाही असे पास्टर. मग मेंढपाळाचा राजा झालेला दावीद येतो, ज्याचं मोठं झाड होतं तो मोहरीचा दाणा येतो, लहान सुरुवातीला तुच्छ मानू नका हे वचन येतं, आणि सगळे जोरात आमेन म्हणतात. या साक्षी खऱ्या असतात, देवाने केलं ते सांगायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शेवटच्या रांगेत एक बाई बसलेली असते, तिनेही तीच प्रार्थना केलेली असते, तितकेच उपास केलेले असतात, आणि तिच्या घरात मात्र काही बदललेलं नसतं. तिला त्या स्टेजवरून काय ऐकू जातं? तुझा नंबर अजून लागला नाही, एवढंच. आणि अशी वर्षामागून वर्षं गेली की ती मनाशी म्हणायला लागते की माझ्याच विश्वासात काहीतरी खोट असणार. धीर द्यायला दिलेलं वचन तिच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं, आणि हे आपण केलेलं असतं, वचनाने नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की देव लहानातून जे मोठं काढतो ते बऱ्याचदा त्या लहान माणसाच्या स्वतःच्या पदरात पडतच नाही, ते इतरांच्या वाट्याला येतं, कधी कधी तर तो माणूस गेल्यावर, आणि म्हणून मंडळीने, म्हणजे चर्चने, लहानांना ते लहान असतानाच मान द्यायला हवा, उद्या ते मोठे होतील या हिशोबाने नाही.

लहान सुरुवातीचं जे वचन सगळे स्टेटसला ठेवतात ते बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं. ते कुठल्या प्रसंगात आलंय ते बघू या. बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आले, यरुशलेमातलं शलमोन राजाचं मंदिर जळून गेलं होतं, तिथे पुन्हा पाया घातला. एज्राच्या पुस्तकात लिहिलंय की तरुण लोक आनंदाने ओरडत होते आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते मोठ्याने रडत होते, आणि आवाज इतका झाला की आनंदाचा कुठला आणि रडण्याचा कुठला ते ओळखू येईना. त्यानंतर विरोध झाला, काम बंद पडलं, आणि साधारण पंधरा वर्षं तो पाया तसाच पडून राहिला. मग इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे उठले आणि त्यांनी लोकांचा अधिकारी असलेल्या जरुब्बाबेलाला सांगितलं की तुझ्याच हातांनी हे पूर्ण होईल, बळाने नाही, सामर्थ्याने नाही, माझ्या आत्म्याने, असं सैन्यांचा परमेश्वर म्हणतो. अल्प सुरुवातीच्या दिवसाला तुच्छ मानणाऱ्यांना तो टोला याच वेळचा.

आता पुढे काय झालं? मंदिर झालं पूर्ण, इ.स.पू. ५१६ च्या सुमारास. पण त्यात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, नव्हता. राज्यही स्वतःचं नव्हतं, वर पारसाचा, म्हणजे पर्शियाचा, राजा बसलेला. जरुब्बाबेल दावीदाच्या वंशातला, राजाचा नातू, पण तो अधिकारी म्हणूनच राहिला, सिंहासन काही त्याला मिळालं नाही. एवढंच कशाला, मंदिर पूर्ण होऊन त्याचं समर्पण झालं त्या वर्णनात त्याचं नावसुद्धा येत नाही, वडील माणसांनी बांधलं असं लिहिलंय. तो म्हातारा होईपर्यंत जगला का, त्या समर्पणाला हजर होता का, काहीच सांगितलेलं नाही. आजच्या आपल्या पद्धतीने बघितलं तर ही साक्ष कोणी स्टेजवर घेणार नाही, कारण तिला शेवटच नाही.

हाग्गयाने असंही म्हटलं होतं की या मागाहूनच्या मंदिराचं वैभव पहिल्यापेक्षा मोठं असेल. ते कसं झालं? काही जण म्हणतील की हेरोद राजाने नंतर त्याच मंदिराचा केवढा विस्तार केला, पांढरे दगड काय, सोनं काय. पण ते सगळं इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने जमीनदोस्त केलं. ख्रिस्ती माणूस याचं उत्तर लूकच्या दुसऱ्या अध्यायात शोधतो. त्या मंदिरात एके दिवशी एक जोडपं तान्हं बाळ घेऊन आलं. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठी नियमाप्रमाणे कोकरू आणायचं असायचं, आणि ज्याची ऐपत नाही त्याने दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्लं आणली तरी चालतील अशी सवलत बायबलच्या लेवीय या नियमांच्या पुस्तकात दिली आहे. या जोडप्याने पाखरंच आणली. म्हणजे त्या मंदिराचं खरं वैभव ज्या दिवशी दारातून आत आलं त्या दिवशी ते गरिबांच्या सवलतीवर आत आलं, आणि तिथल्या दोन म्हाताऱ्या माणसांशिवाय, शिमोन आणि हन्नाशिवाय, कोणी मान वर करून बघितलं असं लूक लिहीत नाही. जरुब्बाबेलाचं नाव मत्तयाच्या पहिल्या अध्यायात याच बाळाच्या, म्हणजे येशूच्या, वंशावळीत सापडतं. त्याच्या हातून जे सुरू झालं ते पाचशे वर्षांनी दुसऱ्याच्याच मांडीवर दिसलं. मला यात जितका धीर मिळतो तितका कुठल्याही सक्सेस स्टोरीत मिळत नाही, कारण माझं काम माझ्या डोळ्यांदेखत फळाला आलं नाही तरी ते वाया गेलेलं नाही हे इथे कळतं.

दुसरी गोष्ट जी आपण सांगायचं टाळतो ती अशी की लहान सुरुवात म्हणजे काही पुढच्या चांगुलपणाची गॅरंटी नाही. इस्राएलाचा पहिला राजा शौल, त्याच्याकडे बघा. दावीदाच्या आधी तोच लहान होता. माझा वंश बन्यामीन, इस्राएलातला सगळ्यात लहान, आणि त्यातही माझं कूळ क्षुल्लक, असं तो स्वतः शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला आणि राजा म्हणून नाव निघालं तेव्हा सामानसुमानात लपून बसला. आणि हाच शौल पुढे कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारतो. राजांच्या आधीच्या काळातला इस्राएलाचा पुढारी गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, देवाने त्याचे ३२,००० लोक कमी करत करत ३०० वर आणले, कारण एवढ्या मोठ्या सैन्याने जिंकलात तर आमच्याच हाताने जिंकलो म्हणाल असं देवाने स्पष्ट सांगितलं. जिंकल्यावर लोक म्हणाले आमच्यावर राज्य कर, तो नाही म्हणाला, देवच राज्य करेल असं छान बोलला, आणि लगेच लुटीतली कुंडलं मागून घेऊन १,७०० शेकेल सोन्याचं एफोद, म्हणजे याजकाच्या वस्त्रासारखी वस्तू, करून बसला, आणि तेच त्याच्या घराला फास झालं.

आणि दावीद. यावर मात्र मला जरा थांबायचंय, कारण उपदेशात दावीद कायम गल्याथ या राक्षसी योद्ध्याला मारण्यापाशी संपतो. नवा राजा निवडायला शमुवेल दावीदाचा बाप इशाय याच्या घरी आला तेव्हा सात मुलं समोरून गेली आणि आठवा रानात मेंढरांजवळ होता, बापाला त्याला बोलवावंसंही वाटलं नाही. त्याचा राजा म्हणून अभिषेक झाला, आणि त्यानंतर तो कुठे गेला? परत मेंढरांकडे. पुढे शौलाचा माणूस त्याला न्यायला येतो तेव्हाही तो मेंढरांतच आहे. मग कित्येक वर्षं गुहेत, रानात, परक्या देशात पळापळ, आणि अदुल्लामच्या गुहेत त्याच्याभोवती जमलेली ४०० माणसं कोण, तर कर्जबाजारी, गांजलेली, वैतागलेली. तिसाव्या वर्षी तो राजा झाला, तोही आधी फक्त हेब्रोनात साडेसात वर्षं, मग यरुशलेमात तेहतीस वर्षं.

आणि सगळं मिळाल्यावर एका संध्याकाळी गच्चीवरून त्याने उरीयाची बायको बघितली आणि राजाला नाही कोण म्हणणार. बाईला आणवलं, नवऱ्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं. मग नाथान संदेष्टा आला आणि त्याने काय गोष्ट सांगितली ते आठवा. एका गावात दोन माणसं, एक श्रीमंत, कळपच्या कळप असलेला, आणि एक गरीब, ज्याच्याकडे एकच लहान मेंढी, जी त्याच्या ताटात खायची, त्याच्या पेल्यातून प्यायची, त्याच्या कुशीत झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने स्वतःचं जनावर न कापता ती एकुलती मेंढी ओढून नेली. नाथानाने मेंढीचीच गोष्ट का निवडली असेल? कारण समोर बसलेला माणूस एकेकाळी मेंढरांमागे फिरणारा होता, सिंह-अस्वलाच्या तोंडातून कोकरू ओढून काढणारा होता, आणि आज तोच लांडगा झाला होता. दावीद भडकला, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणाला, आणि नाथान म्हणाला तो माणूस तूच आहेस.

ही गोष्ट आपण लहानातून मोठं या विषयाच्या उपदेशात का घेत नाही? घ्यायलाच पाहिजे, कारण तिथे खरा प्रश्न आहे. लहानपणी देवावर टेकून जगणं त्या मानाने सोपं असतं, टेकायला दुसरं काही नसतं म्हणून. खरी परीक्षा वर पोचल्यावर होते, आपल्या खाली जे आहेत त्यांची एकुलती मेंढी दिसते की आपली गरज दिसते. जिथे नेत्याला प्रश्न विचारणं म्हणजे अभिषिक्तावर, देवाने नेमलेल्या माणसावर, हात उगारणं समजलं जातं, तिथे दावीदाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते आणि नाथान कोणाला नको असतो. आणि मग आपल्याला आश्चर्य वाटतं की एवढा नम्र माणूस, एका खोलीतून सुरुवात केलेला, असा कसा झाला.

याच्या उलट एक माणूस सांगतो ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. विल्यम सीमोर. १८७० मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात जन्म, आईवडील आधी गुलाम होते, नंतर मुक्त झालेले, सीमोर स्वतः हॉटेलात वेटरचं काम केलेला, आणि देवीच्या रोगाने एक डोळा गेलेला. १९०६ च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल स्कूलला तो शिकायला गेला, तर काळा म्हणून त्याला गोऱ्यांबरोबर वर्गात बसता येईना. तो बाहेर पॅसेजमध्ये बसायचा आणि उघड्या दारातून आत चाललेलं शिक्षण ऐकायचा. तिथून तो लॉस एंजेलिसला एका लहान मंडळीत गेला, त्यांना त्याचं शिकवणं पटलं नाही, त्यांनी दाराला कुलूपच लावलं. मग कोणाच्या तरी घरात प्रार्थना सुरू झाली, गर्दी वाढली, आणि त्याच वर्षी अझुसा स्ट्रीटवरची एक जुनी पडकी इमारत मिळाली, आधीचं चर्च, पण मधल्या काळात तबेला आणि गोदाम म्हणून वापरलेली. तिथे पुलपिट, म्हणजे उपदेशाचं व्यासपीठ, म्हणून एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी, आणि सीमोर बराच वेळ त्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसलेला असायचा. वर्णभेद कडक असलेल्या त्या अमेरिकेत काळे, गोरे, मेक्सिकन एकाच जमिनीवर गुडघे टेकून बसले.

आज जगभरात पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे कोट्यवधी पेंटेकॉस्टल विश्वासणारे आहेत आणि त्यांच्या इतिहासात तो तबेला हमखास येतो. लहान सुरुवातीचं यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं असेल? पण सीमोरच्या वाट्याला काय आलं? काही वर्षांतच ती गर्दी ओसरली, वाद झाले, गोरे आणि काळे पुन्हा वेगळे झाले, आणि १९२२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याभोवती मोजकीच माणसं उरली होती. पुढे ती इमारतही पाडून टाकली. हा माणूस यशस्वी की अयशस्वी? आपल्या फुटपट्टीने मोजलं तर अयशस्वी. आणि ज्या चळवळीतून आज हजारोंच्या सभा भरतात, मोठमोठे साउंड सिस्टीम लागतात, त्यातल्या किती जणांना या पॅसेजमध्ये बसलेल्या माणसाचं नाव माहीत आहे? मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यात येशूने शेवटी काय सांगितलं तेही आपण घाईत सोडून देतो. झाड मोठं झालं, आणि मग? आकाशातली पाखरं येऊन त्याच्या फांद्यांत राहायला लागली. बस. झाडाला काय मिळालं याबद्दल एक अक्षर नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला अगदी रास्त वाटतो. की हे सगळं बोलायला ठीक आहे, पण गरीब माणसाला आशा लागते, त्याच्या मुलाला नोकरी लागू दे, घर होऊ दे, असं त्याने मागू नये का? तुमचं पोट भरलेलं आहे म्हणून तुम्ही त्याला आत्मिक मोठेपणाचे डोस पाजणार का? नाही, असले डोस मला पण मान्य नाहीत. शमुवेलाच्या आईचं, हन्नाचं गाणं वाचा, परमेश्वर दीनाला धुळीतून उठवतो, दरिद्र्याला उकिरड्यावरून उचलून अधिपतींच्या पंक्तीला बसवतो. मरीयेचं गाणं वाचा, भुकेल्यांना त्याने उत्तम पदार्थांनी तृप्त केलं. यात भूक म्हणजे भूकच आहे आणि धूळ म्हणजे धूळच आहे. गरिबाने वर यावं ही देवाची इच्छा आहे याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण देव हे करतो कसं? आपण समजतो की वरून एकदम चमत्कार होतो आणि त्या माणसाचा विश्वास मोठा असला की तो होतो. आणि मग मंडळीला काहीच करावं लागत नाही, फक्त टाळ्या वाजवाव्या लागतात, किती सोयीचं आहे बघा.

रूथची गोष्ट तशी नाहीये. रूथ मवाबी, परकी, विधवा, सोबत म्हातारी सासू. बेथलेहेमला आल्यावर ती पहिल्या दिवशी कशावर जगली? लेवीय आणि अनुवाद या बायबलच्या पुस्तकांमध्ये नियम होता की कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सांडलेल्या लोंब्या वेचू नका, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ते गरिबाचं, परक्याचं, अनाथाचं आणि विधवेचं. म्हणजे तिच्या येण्याआधीच कोणीतरी आपल्या शेतात तिच्यासाठी जागा सोडलेली होती. आणि त्या शेताचा मालक बवाज नियमावरच थांबला नाही, त्याने गड्यांना सांगितलं की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला धमकावू नका, आणि मुद्दाम मुठीतून थोड्या थोड्या लोंब्या काढून टाका म्हणजे तिला मिळतील. संध्याकाळी तिने झोडून बघितलं तर एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघाला, एका माणसाच्या एका दिवसाच्या वेचणीच्या मानाने खूपच जास्त. रूथला हे माहीत नव्हतं की कोणी मुद्दाम टाकलंय. ती मान खाली घालून वेचत राहिली, आणि तिचा पणतू दावीद.

म्हणून मला वाटतं की देव लहानातून मोठं करतो हा उपदेश जितका रूथला करायचा तितकाच, खरं तर जास्तच, बवाजाला करायला हवा. ज्यांना देवाने वर आणलंय त्यांनी साक्ष देताना एवढं तरी सांगावं की माझ्यासाठी कोणी लोंब्या टाकल्या होत्या, कोणी फी भरली, कोणी रात्री मुलं सांभाळली, कोणी ओळख नसताना कामाला लावलं. आणि आता मी कोणासाठी टाकतोय. असं सांगितलं की साक्ष देवाचं गौरव पण करते आणि शेवटच्या रांगेतल्या बाईला दोषही देत नाही, उलट तिच्या हाताला काहीतरी लागायची शक्यता निर्माण होते.

मंडळ्यांनाही हेच लागू. वार्षिक रिपोर्टमध्ये किती बाप्तिस्मे, किती नवीन सभासद, बांधकाम किती झालं हे सगळं असतं, असू दे. पण कोणाला वैद्यकीय मदत दिली, कोणाचं कर्ज फेडायला हात लावला, तुरुंगात कोणाला भेटायला गेलात, म्हाताऱ्या एकट्या विश्वासणाऱ्यांकडे दर आठवड्याला कोण जातं, हे रकाने कुठे आहेत? वीस-पंचवीस जणांची मंडळी वर्षानुवर्षं तेवढीच राहिली म्हणून तिथल्या पास्टरना कॉन्फरन्समध्ये मागे बसवायचं आणि त्यांना वाढीचे उपाय शिकवायचे, हे मला पटत नाही. दोघं-तिघं जिथे माझ्या नावाने जमले तिथे मी आहे असं ज्याने सांगितलं त्याने पुढे हे पाचशे होतील तेव्हा येतो असं म्हटलेलं नाही. त्या पंचवीस जणांना नावानिशी ओळखणारा, प्रत्येकाच्या मरणाला आणि बाळंतपणाला हजर राहिलेला पास्टर हा सुरुवातीच्या पायरीवर अडकलेला नाहीये. त्याचं काम चालू आहे.

आणि साक्षीच्या वेळेत अजून काही झालेलं नाही अशा माणसालाही माईक द्या. नोकरी गेलेली आहे, अजून लागलेली नाही, आजार आहे, अजून बरा झालेला नाही, आणि तरी मी आज इथे आलोय कारण देवाने मला सोडलेलं नाही, एवढं बोलून तो खाली बसू दे. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकल्या, सगळी उपजीविका टाकली, आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून फक्त तिच्याकडे बघायला लावलं. तिला शंभरपट परत मिळालं का, दुसऱ्या दिवशी तिने काय खाल्लं, हे मार्क सांगत नाही, आणि येशूने तिला मोठं म्हटलं ते त्याच क्षणी म्हटलं, ती कंगाल असतानाच. आता तिने दुसऱ्या दिवशी काय खाल्लं हा प्रश्न मात्र आपल्यासाठी उरतो, कारण प्रेषितांची कृत्येच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत पहिला मोठा गोंधळ झाला तो विधवांच्या रोजच्या जेवणावरूनच, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून सात जण नेमले, ते जेवण प्रत्येकीपर्यंत पोचावं म्हणून.